पुलावरची पलटण

सोमवार, ३ जून

आज नव्या नोकरीवर रुजू झालो आणि मनापासून खूश आहे. संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर मला स्वतंत्र खोली मिळाली आहे. उत्तरेकडे उंच खिडक्या, दिवसभर सारखा उजेड. भिंतींना टेकवून एकेचाळीस चित्रं, सगळी लढायांची. गणवेश आणि निशाणं पाहून कोणती लढाई ते ओळखायचं, एवढंच माझं काम. बटणांच्या रांगा, कॉलरचा रंग, टोपीवरचा तुरा, निशाणाची किनार. सैनिक खोटं बोलेल, त्याचा कोट खोटं बोलत नाही.

बायको म्हणते, माझी नजर चांगली आणि जीभ वाईट. आधीची दोन ठिकाणं जिभेपायीच गेली. इथल्या प्रमुख बाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं, की पंचवीस तारखेला या चित्रांचं दालन उघडेल, तोवर एकही चूक झाली नाही तर कायम करू. या वयात तिसरीकडूनही निघालो तर मला कोणी दारात उभं करणार नाही, हे त्यांना ठाऊक असावं.

बुधवार, ५ जून

माझ्या आधीचा माणूस ताकही फुंकून पिणारा दिसतो. प्रत्येक चित्रामागे पेन्सिलीने लढाईचं नाव आणि पुढे प्रश्नचिन्ह. शेजारच्या खोलीत चित्रं साफ करणारे काका बसतात, कापसाच्या बोळ्याने जुनं वार्निश काढत. ते म्हणाले, इथली रीतच आहे तशी. मेलेली माणसं काही आपली बाजू मांडायला येत नाहीत, म्हणून आपण शंकेला जागा ठेवायची. मी म्हटलं, शंकाच काढायच्या तर तज्ज्ञ कशाला हवा? मी पितळी पाट्या कोरून घेणार आहे. त्यांना ते आवडलं नाही. न आवडो.

सोमवार, १० जून

सगळ्यात मोठं चित्र ओळखलं. दगडी पूल, धूर आणि त्रेसष्ट सैनिक, सगळे आपल्याकडे पाठ करून. ज्या युद्धातली ही लढाई, त्यात पुलापाशी एकाच बाजूच्या दोन पलटणी होत्या. कोट सारखेच, फक्त कॉलर वेगळी. निळ्या कॉलरवाले पूल धरून शेवटच्या माणसापर्यंत मेले. हिरव्या कॉलरवाले पूल ओलांडून पळाले. चित्रातल्या कॉलरी हिरव्या, निशाण काठीला गुंडाळलेलं, पाठी आपल्याकडे. आणखी काय पुरावा हवा? पाटी कोरून घेतली आणि चार स्क्रूंनी चौकटीवर बसवली: ‘हिरव्या पलटणीचं पलायन’.

काकांनी पाटी वाचली. मग विचारलं, इतक्या पिवळ्या वार्निशखालून रंग कसा काय दिसला. मी म्हटलं, तुम्ही तुमचा बोळा सांभाळा.

शुक्रवार, १४ जून

चित्रातला ढोलवाला मागे वळून बघतोय. आधीपासूनच वळलेला असणार, माझ्या नजरेतून सुटला. पण माझ्या नोंदीत त्रेसष्ट पाठी आहेत, आणि मी मोजणीत चुकत नाही.

सोमवार, १७ जून

चूक झाली आहे. काकांनी मला न विचारता एका सैनिकाच्या मानेवर, मग निशाणावर आणि समोरच्या धुरावर बोळा फिरवला. मानेवरचा पिवळा थर निघाला आणि खालची कॉलर निळी. पिवळ्याखाली निळं हिरवं दिसतं, हे शिकाऊ माणसालाही कळतं. निशाण गुंडाळलेलं नाही, जळून काठीला उरलेली चिंधी आहे. समोरच्या धुरातून शत्रूच्या संगिनी निघाल्या. जे जागचे हलले नाहीत त्यांना मी भेकड ठरवलं.

लाज वाटली, खरंच वाटली. तरी काकांना सांगितलं, की कुठे बोललात तर परवानगीशिवाय चित्राला हात लावल्याची तक्रार करीन. आठच दिवस काढायचे आहेत. कायम झालो की गुपचूप पाटी बदलीन. काका म्हणाले, पाटी आजच काढा साहेब, नोकरी पुन्हा मिळेल. मग डबा उचलून घरी गेले आणि रजा टाकली.

बुधवार, १९ जून

सतरा जण वळलेत. भर दुपारी भिंगाखाली पाहिलं. रंग जुना. तडेही जुने, चेहऱ्यांवरून सलग गेलेले.

बाई आल्या होत्या. पाटी नक्की बरोबर आहे ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. म्हणताक्षणी मागे बूट आपटले, अनेक, एकदम. बाईंना ऐकू आलं नाही.

शुक्रवार, २१ जून

त्रेसष्टही तोंडं माझ्याकडे. एकही पापणी लवत नाही. खोलीत जळक्या लोकरीचा वास. बायकोला फोनवर सांगितलं, ती म्हणाली नोकरी सोडून घरी या. सोडून कसा येऊ?

शनिवार, २२ जून

अठ्ठावन्न. जिथे पाच उभे होते तिथे नुसता पूल.

चार वाजता पुन्हा मोजले. एकोणचाळीस.

जिन्यात पावलं वाजतात. पहारेकरी म्हणतो, वर कोणी गेलं नाही. खाली कोणी—

सोमवार, २४ जून

पूल रिकामा.

पाटी काढायला गेलो. स्क्रू फिरत नाहीत. मी चुकलो, असं मोठ्याने सांगितलं. बाईंनाही फोन करून सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, आता उद्या दालन उघडल्यावर बघू.

दार लागलंय. माझ्या मागे रांग धरली आहे— श्वास मानेवर— वळून बघायची हिंमत नाही.

चित्रात कोणीतरी आहे. पुलाच्या पार टोकाला. एकटाच पळतोय, पाठमोरा. अंगात गणवेश नाही. हातात ही वही—

पाटीवर ‘पलायन’ तसंच आहे. त्याच्या आधीचे शब्द कोणीतरी खरवडून काढलेत. नवीन नाव कोरतायत. पहिलं अक्षर माझ्या—