संदर्भ हवा

रवि., ७ जाने.
वाचनालयाच्या वरच्या खोलीत ऑनलाइन ज्ञानकोशाचा वर्ग. नवे स्वयंसेवक पाच. पुन्हा तेच सांगितलं: 'थोर', 'सुप्रसिद्ध' नको, नावापुढे 'साहेब' नको, प्रत्येक विधानाला छापील संदर्भ. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्याच्या मजकुरावर तांबडी रेघ मारताना हात कचरत नाही माझा. अर्नाळ्याची प्रणाली नवीन. सातिवलीत कारखान्यात पॅकिंगला जाते, सुट्टी रविवारचीच. तिचा लेख समुद्रातल्या जागांवर. बोटीतून किल्ल्याचा बुरूज आणि मागचा डोंगर एका रेषेत दिसले की खाली खडक, जाळं फाटणार. अशा चाळीसेक जागा तिच्या मासेमार वडिलांना नावानिशी पाठ. तिने सात लिहिल्यात. छान लिहिते. संदर्भ एकही नाही. सातही ओळींपुढे 'संदर्भ हवा' अशी खूण लावली.

रवि., २१ जाने.
प्र. आली नाही. मुंबईत ग्रंथालयात गेली होती. संध्याकाळी फोन. जुन्या पुस्तकांत माशांची नावं आहेत, जागांची नाहीत. म्हटलं, शोध, मिळेल. असं मी सगळ्यांनाच सांगते.

गुरु., १ फेब्रु.
अर्नाळ्याला गेले, प्र.च्या घरी. ती कामावर, आई होती. वडील खाटेवर, दम लागतो, पण बोलायची हौस दांडगी. त्यांना नियम समजावला. घरच्यांचं सांगणं चालत नाही, पुस्तक लागतं.
"पुस्तक कशाला? मी हाय ना अजून. लिवून घ्या."
हसले. मीही हसले. पर्समध्ये वही होती, पेन होतं. चहा घेतला, आईने सुके बोंबील बांधून दिले ते घेतले आणि निघाले.

रवि., ११ फेब्रु.
प्र. पुन्हा मुंबईला. चौथा रविवार. बाबांना बरं नाही म्हणत होती काल. तरी गेली, कारण आजच्या ग्रंथालयाचा पत्ता मीच —

सोम., १२ फेब्रु.
प्र.चे वडील काल दुपारी गेले. प्र. तेव्हा वाचनकक्षात, फोन बंद करून.

शनि., २४ फेब्रु.
भेटून आले. ती म्हणाली, बाकीच्या जागा संदर्भ मिळाल्यावर विचारू असं ठरवलं होतं. भावाच्या बोटीवर जीपीएस आहे, त्याला यातलं काही येत नाही.
ज्ञानकोशात चाललं नसतं, कबूल. पण वहीत चाललं असतं. फोनवर रेकॉर्ड करून ठेवता आलं असतं. हे मी तिला एकदाही सांगितलं नाही. सुचलंच नाही मला. वर त्यांच्यासमोर बसून चहा पिऊन आले. लाज वाटते. बोंबील डब्यात तसेच पडलेत.

रवि., ३ मार्च
प्र. आली. मागच्या खुर्चीवर. आज एक नवे गृहस्थ होते, होळी गावचे बागायतदार. केळीच्या जुन्या जातींवर लिहायचंय. आई नव्वदीची आहे, तिला सगळं ठाऊक, ती सांगेल ते चालेल का म्हणाले. नेहमीचं उत्तर तोंडाशी आलं. प्र. माझ्याकडे बघत होती. त्यांना म्हटलं, वर्ग पुढच्या रविवारीही आहे, आत्ता घरी जा आणि आई बोलेल ते सगळं लिहून घ्या. जरा गोंधळले. पण उठले.
वर्ग संपल्यावर प्र.ने तिचा मसुदा उघडला. सात ओळी. प्रत्येकीपुढे माझी खूण.
"मॅडम, काढून टाकू का आता?"
लेख की खुणा, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.