बाथरूमचं हँडल आणि आईंचे हात

सोम., १७ नोव्हें.
कॉलेजात शिकवून आले, माझ्या किल्लीने घर उघडलं. टीव्ही चालू, आई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुठेच नाहीत. गच्ची पाहिली, मागचं अंगण पाहिलं. मग बाथरूममधून आवाज, अगदी शांत, जसा काही चहा ठेव म्हणतात तसा : "प्रज्ञा, आली का वो? बाहेरून जरा दार खोल."

कडी लावलेली नव्हती, नुसतं ओढून घेतलेलं दार. पण ती गुळगुळीत गोल मूठ आतून त्यांना फिरवता येईना. दुपारी जेवून आत गेल्या त्या तिथेच. पालथ्या बादलीवर बसल्या होत्या, पदर नीट डोक्यावर. आणि सगळ्या फरशा लख्ख! दोन्ही तळव्यांत ब्रश धरून घासल्या म्हणे. "बसून बसून काय करू?"

ओरडलात का नाही, विचारलं. "ओरडून काय व्हते? चार घरचे मानसं जमा व्हतात, अन् मी ओली."

मी तर रडलेच असते.

मंगळ., १८
काल नवऱ्याला, निलेशला, सांगितलं. कापसाचा सीझन, बाजारातून दमून आलेला. ऐकून ताट सरकवलं. म्हणाला, उद्यापासून आईनं बाथरूमचं दार लावायचंच नाही. पडदा टाकू.

आई पाण्याचा तांब्या दोन्ही मनगटांत धरून प्यायल्या. तेव्हा नीट पाहिलं मी. बोटं सगळी एका बाजूला कललेली, सांधे टरारलेले. संधिवात आहे हे माहीत होतं, गोळ्या मीच आणते. पण घरातली दारं त्या किती दिवसांपासून पदर गुंडाळून, दोन्ही तळवे दाबून उघडतायत हे कुठे माहीत होतं. एकाच घरात राहून.

निलेशचंही चूक नाही. त्याचे बाबा याच बाथरूममध्ये पडले, आतून कडी, दार फोडावं लागलं. तोवर उशीर झाला होता. मग हे प्लास्टिकचं दार बसवलं, गोल मुठीचं. तेव्हापासून कुणी आत जास्त वेळ राहिलं की तो बाहेर येरझारा घालतो. मला पण हाक मारतो, "झालं का?"

बुध., १९
पडदा लावला. फुलाफुलांचा. नि. खूश.

गुरु., २०
सकाळी मागच्या अंगणात पाण्याचा आवाज. दोन बाभळीच्या खुंट्यांना जुनं नऊवारी बांधलेलं, त्याच्याआड आई अंघोळ करतायत. थंड पाण्याने. या थंडीत, या सांध्यांनी!

"आई, काऊन वो?"

"पडदा हवेनं उडते बाई. इथं पातळाले दगडं लावले म्या खालून."

नि. तोवर आला, भडकला. "आई, तुले काही झालं म्हणजे?"

आई ओले केस पुसत म्हणाल्या, "निलू, तू तुह्या बापाचं ध्यान करून घाबरून राह्यला, समजते मले. पण मी अजून जिती हाय ना बापा. जित्या बाईले दार पायजे."

न चिडता, न रडता असं बोलता येतं माणसाला?

शुक्र., २१
सुताराला फोन केला. येतो म्हणाला. संध्याकाळी परत केला. "येतो न ताई." लग्नसराईत पलंगांची कामं आहेत त्याच्याकडे, आमच्या एका मुठीला कोण विचारतं.

आईंचा निर्णय : "आपुनच करू. तुहे हात, माहं डोकं." मग जरा थांबून, "डोकं बी तुहंच घे थोडंसं."

शनि., २२
हार्डवेअरच्या दुकानात, आई न् मी, ऑटोने. दुकानदाराने आधी पितळी, नक्षीचे वगैरे काढले. शोभेचे. आईंनी विचारलं, "कोपरानं उघडते का?"

तो हसला. चेष्टेने नव्हे, त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग भिंतीवर पाटीला ठोकलेले नमुने होते तिकडे आई गेल्या, आणि एकेक हँडल कोपराने दाबून पाहायला लागल्या. भर दुकानात. गिऱ्हाइकं थांबून बघतायत. मला आधी संकोच वाटला, मग नाही वाटला. एक जड. एक बरं, पण त्याच्या टोकात पदर अडकला. आईंनी तो मुद्दाम दोनदा अडकवून पाहिला. "हे नको. निघता निघता तोंडावर पाडन मले."

शेवटी आडव्या दांड्याचं, टोक दाराकडे वळलेलं एक मिळालं. तेही कोपराने, मग मुठीच्या मागच्या हाडाने, मग डाव्या हाताने. दुकानदाराची बायको गल्ल्यावर होती. ती उठून आली, म्हणाली, "मावशी, माझ्या आईचे हात असेच आहेत. हे मलाही एक बाजूला काढून ठेवते." त्या दोघी बोलत बसल्या, गोळ्या कोणत्या, एरंडेलाचा शेक, काय काय. मी आपली खाली स्टुलावर.

एक गोष्ट राहिली. त्या हँडलला बाहेरून बारीक खाच आहे. आतून कडी लावली असली तरी बाहेरून खाचेत नाणं घालून फिरवलं की कडी सुटते. दुकानदाराने सांगितलं ते आईंना आवडलं नाही. "मंग थे कडी कायची?"

घेतलं मात्र.

रवि., २३
आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

जेवणं झाल्यावर कामाला लागलो. मोबाईलवर व्हिडिओ लावला, आईंनी तो खिडकीत टेकवून ठेवला. जुन्या मुठीच्या मानेला टाचणीएवढं भोक असतं, त्यात पिन दाबली की मूठ सुटून हातात येते. मला ते भोक सापडेना. आईंनी गाल दाराला लावून, एक डोळा मिटून शोधलं. मग स्क्रू. मी फिरवायचे, त्या तळहात पसरून खाली धरायच्या. एकही स्क्रू जमिनीवर पडला नाही.

नवं बसवलं. दार लोटलं तर लागेचना. पुन्हा लोटलं, धाडकन आदळून परत उघडलं. दोघी बघत बसलो. निलेश मागे उभा, "राहू द्या, मी दुसरा सुतार पाहतो." तेवढ्यात आई हसायला लागल्या. दाराच्या कडेतून जी जीभ बाहेर येते तिचा तिरपा भाग आम्ही उलटा बसवला होता. "माहेरी जाऊन बसली थे. सासरी तोंड कर तिचं." सगळं उघडून पुन्हा बसवलं. माझ्या तळव्याला फोड.

मग दार लागलं. टक् असा बारीक आवाज आला.

मला वाटलं झालं. आईंचं नाही झालं. म्हणाल्या, "साबन लाव माह्या हाताले." कोपरापर्यंत साबण लावून घेतला, पाणी घेतलं, आत गेल्या, दार ओढलं. निलेशचा चेहरा मी पाहत होते. टक्. आईंनी आतून उघडलं, ओल्या कोपराने. पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं. मग डाव्याने. मग खाली बसून, बसल्या जागेवरून हात वर करून. ते पाहून निलेश तोंड फिरवून अंगणात गेला. बाबा पडलेले असताना त्यांचा हात वर कडीपर्यंत पोचला नव्हता.

आई त्याच्या मागे गेल्या. मी दारातून ऐकलं.

"निलू, बाहेरून उघडाची खाच हाय त्याले. मले नव्हती पायजे. राहू देतो, तुह्यासाठी."

तो म्हणाला, "मी हाक मारल्याशिवाय नाही उघडणार, आई."

"तीन हाका देजो. दोन हाकांत तर मी ओ बी देत नाई."

हसला. रडवेला होता, पण हसला.

पडदा मी काढून धुवायला टाकला.

मंगळ., २५
आई बाथरूममध्ये. बराच वेळ. निलेश बाहेर पेपर घेऊन बसलेला, पान उलटत नव्हता. हाक मात्र मारली नाही. बाहेर आल्या तेव्हा गाल गरम पाण्याने लाल, शिकेकाईचा वास. "आज डोक्यावरून न्हाली." अंगणातलं नऊवारी घडी घालून कपाटात ठेवलं.

शुक्र., २८
काही खास नाही. आईंनी घरातली बाकीची दारं तपासली. देव्हाऱ्याच्या कपाटाला सुतळीची गाठ लावून घेतली माझ्याकडून, बोट अडकवून ओढायला. फ्रिजला पण. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? "आधी लाज वाटे. आता दुकानात एवढ्या लोकाइसमोर कोपरं मारले, आता कायची लाज?"

गुरु., ४ डिसें.
मोठ्या दवाखान्यात गेलो, निलेशने सुट्टी घेतली. फोटो काढले हाताचे. डॉक्टर तरुण, नीट बोलणारे. उजवं मनगट फार खराब आहे, गोळ्यांनी आता फारसं होणार नाही. ऑपरेशन करून मनगटाची हाडं एकमेकांना जोडून टाकता येतील.

आईंनी मला बोलू दिलं नाही, स्वतः विचारलं. "मंग दुखन का?"
"दुखणं बरंच कमी होईल."
"वाकन का?"
"नाही आजी. मनगट मग वाकणार नाही. बोटं हलतील."
"परत वाकाचं केलं तर?"
डॉक्टर खरं बोलले. "ते परत होत नाही."

आई मान हलवत राहिल्या. निलेश लगेच म्हणाला, करून टाकू. आई म्हणाल्या, "इचार करून सांगतो." डॉक्टर म्हणाले, घाई नाही, पण फार लांबवू नका.

येताना ऑटोत आई हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मनगट सावकाश वर, खाली. वर, खाली.

शनि., ६
निलेशचं चालूच. "दुखणं जाते तर अजून काय पाहिजे?" त्याला आईंचं कण्हणं ऐकवत नाही. पहाटे त्या कण्हतात हे खरं. मला विचारलं त्याने, तू समजव. मी काय समजवू? हात त्यांचा.

आईंनी मला एकदाच विचारलं, भाजी निवडताना, "तू असती तर?" सुचलं नाही असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं केलं, उगीच काही बोलली नाई."

रवि., ७
सकाळी हाक. "तुह्या कॉलेजातली लाकडाची पट्टी हाय का घरी?" दिली. वाटलं शिवणाचं काही असेल. तर म्हणतात, "बांध माह्या मनगटाले. तळव्यापासून कोपरापर्यंत. वाकू नाई असं."

जुन्या ब्लाउजच्या पट्ट्या फाडून बांधलं. मला तेव्हा कळलं. मनगट जोडलं तर कसं जगायचं ते आधी जगून पाहायचं होतं त्यांना.

निलेश म्हणाला, "आई, हे काय लेकराच्या खेळासारखं?"

"लेकरं खेळूनच शिकतात."

दिवसभर तसंच. चहाचा कप : जमला, कोपर उचलून. वरण-भात चमच्याने जमला. कालवता नाही आला, ताट माझ्याकडे सरकवलं, लाजल्या नाहीत. केस विंचरायला डावा हात. देवाला फूल वाहताना ते नीट सुटेना, पडलं पायरीवर, तिथेच राहू दिलं, "देवाले चालते." साडीच्या निऱ्या नाही जमल्या. तिथे जरा वेळ थांबल्या, भिंतीकडे तोंड करून. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "थांब. पाहू दे मले काय काय जाते थे." मग स्वतःच म्हणाल्या, "निऱ्या गेल्या."

बाथरूमला मात्र एकट्या गेल्या, एकट्या आल्या.

दुपारी शेजारच्या काकू आल्या, पट्टी पाहून घाबरल्या. "काय झालं, पडल्या का?" आई, "नाई वो. होऊ घातलं हाय ते पायून राह्यली."

मी आज दिवसभर त्यांच्या मागे मागे. मुलांचे पेपर तपासायचे राहिले. इतकं सरळ नजरेने स्वतःच्या हाताकडे बघणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. कण्हत होत्या अधूनमधून, पण कमी. की मला कमी वाटलं?

संध्याकाळी पट्टी सोडायला बसले. बोटं फुगली होती, म्हणून गाठ जरा सैल केली. निलेश समोर येऊन बसला. काय ठरवलं, असं त्याने तोंडाने विचारलं नाही, पण विचारलंच.

आई म्हणाल्या, "एका दिवसात काही समजत नाई. भाकर थापून कुठं पायली अजून."

मग माझ्याकडे हात केला. "सोडू नको. घट्ट बांध परत."

बांधली.