बाबा बसले का नाहीत

प्रिय आर्किटेक्ट,

रविवारी तुमच्या घरी जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मी, बाबा आणि आत्या तुमच्या दारात पोहोचलो. ठरलेली वेळ पाचची होती. दहा मिनिटं लिफ्टने खाल्ली.

२. तुझी आई म्हणाली, "या, या, बसा."

३. बाबा बसले नाहीत. आत्याही बसली नाही.

४. तुझ्या आईने काळजीने विचारलं, "गुडघे दुखतात का हो?" बाबा म्हणाले, "छे! गुडघे एकदम उत्तम." आणि खात्री पटावी म्हणून त्यांनी तिथल्या तिथे दोन उठाबशा काढून दाखवल्या.

५. तुझ्या आईने एक उशी उगाचच झटकून पुन्हा तिथेच ठेवली.

६. पाहुणे उभे आणि आपण बसलेले, हे बरं दिसेना म्हणून तुझे बाबा उठले. मग तुझी आई उठली. तुझ्या मामांना उठवायला तू आणि तुझे बाबा असे दोघं लागलात.

७. चहा सगळ्यांनी उभ्याने घेतला. बिस्किटांची बशी खाली त्या बुटक्या टेबलावर होती (उंची अंदाजे तीस सेंटिमीटर). प्रत्येक बिस्किटामागे कुणाला तरी वाकावं लागत होतं. चार बिस्किटांनंतर कुणी वाकलं नाही.

८. लग्नाचा विषय निघाला नाही.

९. सात वाजून दोन मिनिटांनी आम्ही निघालो. बाबा एकूण एक तास बावन्न मिनिटं उभे होते.

इथपर्यंत आपल्यात मतभेद नसावेत. सोमवारी तू कळवलंस की आईला हे फार लागलं आहे. "आमच्या पंगतीला जमिनीवर बसायला त्यांना कमीपणा वाटला का?" असं ती म्हणते. तुझं म्हणणं, बाबांनी पुन्हा एकदा यावं आणि पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं, खाली बसावं. म्हणजे आईचा राग जाईल आणि तारीख ठरवता येईल. शेवटी तू लिहिलंस, "तू सांगितलंस तर ते ऐकतील." हे खरं आहे. ते ऐकतील. म्हणूनच उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले.

माझं काम तुला माहीत आहे. मी वजनकाटे तपासते. काटा चुकीचं वजन दाखवू लागला की लोक काट्यावर डाफरतात. आम्ही आधी तो ज्या टेबलावर ठेवला आहे ते टेबल बघतो. दहातल्या सहा वेळा काटा बरोबर असतो आणि टेबल कललेलं असतं. तेव्हा बाबांकडे वळण्याआधी खालचं टेबल दाखवते.

आमच्या घरी तू एकदाच आलास, तेव्हा भिंतीवरचा फोटो पाहून "आजोबा का?" असं विचारलं होतंस. मी "नाही" म्हणाले. उत्तर बरोबर होतं, पुरेसं नव्हतं. ते मास्तर. आमच्याच दलित वस्तीतले, गटारं उपसणाऱ्याच्या घरातले, तंत्रशाळेची पायरी चढलेले वस्तीतले पहिले. पुढे त्याच शाळेत ते सुतारकाम शिकवू लागले. त्या काळी शहरातल्या कुठल्याही कचेरीत आमच्या लोकांनी दाराजवळ जमिनीवर बसायचं, अशी पद्धत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, त्यामुळे खोडताही येत नव्हती. मास्तरांनी भाषणं फारशी केली नाहीत. आवाज पातळ होता, आणि तो चढवला की खोकल्याची उबळ यायची. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. घरटी एक खुर्ची करायची, आपल्या हाताने. आणि कुणी खाली बसवलं तर बसायचं नाही. भांडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, रागाने निघूनही जायचं नाही. काम होईपर्यंत उभं राहायचं.

ऐकायला हे फार साधं वाटतं, पण मास्तरांनी त्याचा तांत्रिक विचार केला होता. खाली बसलेला माणूस कुणाला दिसत नाही. उभा माणूस उजेड अडवतो. माझे आजोबा आणि आणखी अकरा जण वस्तीतल्या नळासाठी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चार दिवस असे उभे राहिले. कारकुनाला घड्याळ दिसेना, शिपायाला दार सापडेना, साहेबांना वाटलं जप्ती आली. पाचव्या दिवशी भिंतीला लागून एक बाक आलं. त्याचा एक पाय आखूड होता. मास्तरांनी खिशातून पाचर काढून ती पायाखाली ठोकली आणि मग सगळ्यांना म्हणाले, "आता बसा." नळ त्यानंतर दोन वर्षांनी आला. पण वस्तीत अजूनही बाकाची गोष्ट आधी सांगतात, नळाची नंतर.

आमच्या घरातली पहिली खुर्ची आजोबांनी केली. ती डावीकडे तीन अंशांनी झुकते, मी मोजलं आहे. तिच्यावर बसून वाढल्यामुळे आत्या प्रत्येक फोटोत उजवीकडे कललेली येते. वस्तीतल्या प्रत्येक बाळाचा पहिला फोटो खुर्चीवर काढतात. माझ्या फोटोत मी घसरते आहे आणि मागून आत्याचा हात आला आहे. कपड्यांच्या दुकानात गेलं तरी बाबा आधी दुकानातली खुर्ची हलवून बघतात, कापड नंतर. एकदा त्यांची दाढ दुखत होती, तर दंतवैद्याच्या खुर्चीचं त्यांनी इतकं कौतुक केलं, ती वर कशी जाते, मागे कशी रेलते, की दाढ दाखवायची राहिली आणि आम्ही घरी आलो. तुझे बाबा दंतवैद्य आहेत हे कळलं त्याच दिवशी त्यांना तुमचं घर पसंत पडलं. "ज्याच्याकडे तसली खुर्ची आहे तो माणूस वाईट असणार नाही," असं ते आत्याला म्हणाले. रविवारी ते या विश्वासाने तुमच्या लिफ्टमध्ये चढले होते.

आणि दार उघडल्यावर समोर तू आखलेली ती बैठकीची खोली. ती मला आवडते, हेही नोंदवून ठेवते. पहिल्यांदा दाखवलीस तेव्हा तू म्हणालास, खुर्ची आली की कुणी वर, कुणी खाली. म्हणून या घरात खुर्चीच नाही. गाद्या, उशा आणि सगळे एका पातळीवर. तुझी आई बत्तीस वर्षं कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होती, तिला ही कल्पना इतकी पटली की होत्या त्या खुर्च्याही तिने देऊन टाकल्या. मी तेव्हा मान डोलावली. हिशोब म्हणून तो बरोबरच आहे. तुम्ही खाली उतरून सारखे झालात, आम्ही वर चढून. उंची दोन्हीकडे एकच येते. फरक एवढाच की तुम्हाला कुणी खाली बसवलेलं नव्हतं.

जातीबद्दल तुमच्याकडे कुणीच काही बोललं नाही. तुझी आई तर इतक्या काळजीने बोलली नाही की ते ऐकू आलं. मीही तोंडात मूग धरून होते. आठ महिन्यांत तुला मास्तरांचा नियम सांगितला नाही. बाबांना तुमच्याकडे खुर्च्या नाहीत हे सांगितलं नाही. दोन वाक्यांचं काम होतं. मला वाटलं, प्रसंग आला की बघू. तू मला दशांश म्हणतोस, पण ज्या दोन आकड्यांची बेरीज करायची होती ते मी दोन वेगळ्या कागदांवर ठेवले.

वरच्या यादीत मी एक नोंद गाळली आहे. ती अशी:

३अ. मी बसले. पाच वाजून बारा मिनिटांनी, खिडकीजवळच्या निळ्या गादीवर, तुझ्या शेजारी. आठ महिने तिथेच बसते आहे, त्यामुळे पाय आपोआप वळले. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग तुमच्या भिंतीवरच्या चित्राकडे. त्या चित्रात नुसता एक पिवळा चौकोन आहे. पुढचा सगळा वेळ ते तोच बघत होते. तुझी आई म्हणाली, "तुम्हाला चित्रकलेची फार आवड दिसते."

मी सर्वांत आधी उठायला हवं होतं. मी मामांच्याही नंतर उठले.

आत्याचं वेगळंच. ती मधली अठरा मिनिटं नाहीशी झाली होती, आठवतं? ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून आली. तुमच्या घरात बसण्याजोग्या उंचीची ती एकच वस्तू आहे, आणि आत्याने, चाळीस वर्षं नर्स म्हणून पायावर काढलेली बाई ती, तिचा वास लागल्यासारखा माग काढला. मी नंतर तिला विचारलं, मग तो बाहेर का नाही आणलास बाबांसाठी? ती म्हणाली, "अगं, खुर्ची द्यायची असते समोरच्याने. आपणच उचलून आणली तर ते नुसतं सामान." आणि थोड्या वेळाने, "शिवाय तो स्टूल त्यांचा नव्हताच. स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या, मी माझ्या घरून आणलाय." हे तुला माहीत नसावं असा माझा अंदाज आहे.

मामा मात्र खूश होते. निघताना त्यांनी बाबांचा हात धरला आणि हळूच म्हणाले, "तुम्ही वरचेवर येत चला. पाच वर्षांत आज पहिल्यांदा मी दोन तास उभा आहे, बरं वाटतंय." त्यांचे गुडघे खरोखरच गेलेले आहेत. त्या खोलीत एकदा खाली बसले की ते रात्रीच्या जेवणापर्यंत तिथेच असतात, कारण उठवायला दोघं मोकळे नसतात. हे त्यांनी बाबांना पाच मिनिटांच्या ओळखीत सांगितलं. घरी सांगितलेलं नाही.

आता परतीचं. मला वाटलं, बाबा संतापलेले असणार. बसमध्ये जागा मिळाली, ते बसले, पोटऱ्या चोळल्या आणि म्हणाले, "बिचारे."

मी विचारलं, "कोण?"

"ती माणसं गं. एवढी शिकलेली, एवढं मोठं घर, आणि बूड टेकायला एक खुर्ची नाही. डॉक्टर दिवसभर लोकांना असल्या झकास खुर्चीत बसवतो आणि घरी येऊन जमिनीवर. जीव तुटला माझा."

आत्या म्हणाली, "कुणी शिकवलंच नसेल. मास्तर तिकडे कुठे पोचले?"

मी त्यांना नीट समजावलं की खुर्च्या घेणं त्यांना सहज शक्य आहे, त्या त्यांनी ठरवून काढल्या आहेत. बाबांनी दोन थांबे विचार केला. "ठरवून?" "हो." "स्वतःहून?" "हो, बाबा." त्यांनी मान हलवली. "म्हणजे प्रकरण जुनं आहे. वेळ लागेल."

माझ्या बसण्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. आज बुधवार आहे, अजून बोललेले नाहीत. सकाळी चहा देताना मी वाट बघते. ते साखर मागतात.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. मी बाबांना खाली बसायला सांगणार नाही. त्यांनी ऐकलं नसतं तर कदाचित सांगून पाहिलं असतं. मी सांगितलं तर ते बसतील, तुझ्या आईकडे बघून हसतीलही, आणि आजोबा ज्यासाठी चार दिवस उभे राहिले ते मी पाच मिनिटांत मोडलेलं असेल. हे मी वजन करून पाहिलं. तुझ्या बाजूने काहीही ठेवलं तरी पारडं हलत नाही, आणि तुझ्या बाजूला मी बरंच ठेवून पाहिलं आहे.

पण हे पत्र नुसतं नाही म्हणायला लिहिलेलं नाही. सोमवारी बाबांनी माळ्यावरून मास्तरांनी दिलेला रंधा काढला. ते तुमच्यासाठी सहा खुर्च्या करणार आहेत. तुझ्या घरच्यांना त्याची गरज आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत आहे, आणि मी ते खोडलेलं नाही. खुर्ची अंदाजपंचे करायची नाही, माणसाच्या मापाची करायची, असं ते मानतात. त्यामुळे त्यांना तुझं, तुझ्या आईचं, तुझ्या बाबांचं आणि मामांचं माप हवं आहे: जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत, पायात काही न घालता, मिलिमीटरमध्ये. मामांच्या दोन्ही पायांचं वेगवेगळं घे. पाचवी खुर्ची पाहुण्यासाठी, तिला ते स्वतःचं माप लावणार आहेत. सहावीचं माप त्यांनी मागितलं नाही. मी विचारलं, ही कुणाची? तर रंधा न थांबवता म्हणाले, "तिचं आहे माझ्याकडे." खुर्च्या बैठकीच्या खोलीतच ठेवायच्या, बाल्कनीत नाही. गाद्या असू देत. तुझ्या आईला हे सगळं तूच सांगायचं आहेस, मी नाही. मापं आली तर मी तारखेचं बोलेन, आणि नाही आली तर बाबांना सहाच्या ऐवजी दोनच खुर्च्यांचं लाकूड कापायला सांगेन; तुला कारण विचारणार नाही. लाकूड रविवारी सकाळी कापायचं आहे. कृपया शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर पाठव.

तुझीच
(हा शब्द दोनदा तपासून लिहिला आहे),
दशांश