खोडलेली वाट

८ जानेवारी २००३, मंगळवार पेठ
काम मिळालं. राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा करायचा. एक नाक्यावरच्या फलकासाठी, एक पर्यटकांना वाटायला घडीचा. आत गाडीरस्ते तीन, पायवाटा पाच. मागच्या महिन्यात कुठल्याशा कॉलेजची मुलं वाट चुकून दोन दिवस रानात फिरली, म्हणून घाई. वनखात्याचे साहेब म्हणाले, "ताई, तुमचं अंतर चुकलं तर माणूस मरतो." तेव्हापासून जेवण जात नाही.
बाबांनी आयुष्यभर मोजणी खात्यात साखळी ओढली. शाळेआधी मोजायला मी त्यांच्याकडूनच शिकले. आज त्यांनी जुन्या सायकलचं चाक दांड्याला बसवून दिलं. एक फेरा, दोन मीटर बावीस सेंटिमीटर. आणि लहानपणासारखे माझ्याकडून नियम म्हणून घेतले. पाहिलं ते लिहायचं, ऐकलं ते नाही. मोजणीच्या वहीत रबर चालवायचा नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. "खाडाखोड लपवली की वही खोटी."

१३ जानेवारी, नाका
वाट दाखवायला सगुणामावशी मिळाली. साठीची. तिचं गाव उद्यानाच्या आत होतं. उठवलं, फाट्याजवळच्या वसाहतीत पत्र्याची घरं दिली. आता स्वतःच्याच डोंगरात रोजावर येते.
माझं चाक बघून खालीच बसली हसत. "अक्का, गाडा घिऊन कुटं निघालीस? गारीगार हाय का त्यात?"
ती अंतर तंबाखूत सांगते, एक चिमूट तोंडात टिकेल तेवढी चाल. नाका ते पाणवठा, एक चिमूट. पाणवठा ते कडा, दोन चिमटी आणि वर थुंकायला थांबायचं. मोजून पाहिलं: एक चिमूट म्हणजे सव्वा किलोमीटर, चढाला नऊशे मीटर. तीनदा पडताळलं. चुकत नाही.

१९ जानेवारी
आज नाक्यावर गार्डनं एका बाईची हिरड्याची बुट्टी धुळीत ओतली. उद्यानातून काही न्यायचं नाही, नियम आहे. मग तिला म्हणाला, मोजून वेच, मोठ्यानं. बाईला वीसच्या पुढं येईना. पुन्हा एकपासून. परत वीस. परत एक. बाकीचे गार्ड हसत होते. एकानं खुर्ची आणली.
मला मोजता येतं. मी पुढं झाले नाही.
परतताना सगुणामावशी: "बगून बगून डोळं दुखलं आसतील तुजं."

२७ जानेवारी
कड्याच्या अलीकडे सोंडेवरून एक वाट खाली उतरते. यादीत नाही. पण वाटेवर पाचोळा नाही आणि फाटा फुटतो तिथं दगडाखाली हिरवी डहाळी. ताजी.
"ती वाट मेली. चल फुडं."
मी चाक वळवलं. मावशी मागून आली. चौदाशे दहा फेरे. खाली घरांची जोती, देवीचा कट्टा, एक फणस. फणसाखाली दगडांची लहानशी रास, चुना लावलेली.
"ह्यो माजा म्हादू. अडीच वर्साचा. ताप आल्ता, दोन दिसात गेला."
निसटलेला एक दगड राशीवर परत ठेवला आणि म्हणाली, "माघी पुनवंला येतोय आमी. देवीला निवद, ह्येला दुदाची वाटी. वर्सातनं एकडाव. कुणाला ठावं न्हाई. लिवू नगंस."
मी आधीच लिहिलं होतं. अंतर, वळणं, जोती, फणस. खाली, ती बोलत असतानाच: 'वापर चालू. माघी पौर्णिमा.' ऐकलेलं कधी लिहीत नाही, आज लिहिलं. का लिहिलं?

३० जानेवारी, घरी
बाबांना विचारलं, ती वाट नकाशात घ्यायची का.
"पाहिलीस ना? मग आहे ती वाट. तुझ्या आज्ज्याची जमीन का गेली? कागदावर नव्हती म्हणून."
आई भाकरी थापता थापता म्हणाली, "आणि कागदावर हुत्या त्येंच्या ऱ्हायल्या काय?"
बाबा उठून बाहेर गेले.
ठरलं. नकाशात घ्यायची नाही. पर्यटकांचं तिथं काय काम? वहीतल्या त्या मजकुरावर आडवी रेघ मारली. एकच.  आज जेवले.

१० फेब्रुवारी
दोन्ही नकाशे दिले. साहेब खूश. मग म्हणाले, "मोजणीची वही पण जमा करा, करारात आहे." आहे. सही करण्याआधी दोनदा वाचला होता मी. पान फाडावं असं मनात आलं. पानांना क्रमांक आहेत, मीच घातलेले. दिली.
रेघ मारलेलं कोण वाचतं.

१६ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा
फलकावरची अक्षरं तपासायला नाक्यावर बोलावलं होतं. दहाच्या सुमाराला गार्डांनी वसाहतीतल्या लोकांना पकडून आणलं. अकरा जण, चार म्हाताऱ्या. सगुणामावशी सगळ्यात मागं, एक पाय ओढत. गार्ड पहाटेपासूनच फणसाखाली दबा धरून बसले होते.
निवदाचं पातेलं उपडं केलं. उठाबशा काढायला लावल्या, म्हाताऱ्यांनासुद्धा. दुधाची वाटी नाक्यावरच्या कुत्र्यापुढं ठेवली. कुत्र्यानं वास घेतला आणि निघून गेलं. त्यावर हशा.
आणण्याआधी त्यांच्याकडूनच वाट बुजवून घेतली म्हणे. दगड कमी पडले तेव्हा फणसाखालची रास उपसली. हे गार्डनं मला चहा देता देता सांगितलं. चांगलं सांगितलं, हातवारे करून.
साहेबांनी आत बोलावलं. "ताई, रेघ मारली तरी वाचता येतं बरं का. अक्षर सुरेख आहे तुमचं. पुढच्या वर्षीचं काम तुमचंच."
मी "थँक्यू सर" म्हटलं. म्हटलं, खरंच.

२३ फेब्रुवारी
वसाहतीत गेले, सांगायचं ठरवूनच. मावशीनं चूल पेटवली, चहा टाकला. तिचा रोज बंद झालाय. घोटा काळानिळा. मी "मावशी" म्हणेपर्यंत तीच म्हणाली, "दगडूनं सांगितलं त्येंना."
दगडू म्हणजे तिच्या दिराचा मुलगा. गार्डची नोकरी लागावी म्हणून नाक्यावर खेटे घालायचा, त्यांच्या पंक्तीला जेवायचा. एवढाच पुरावा. आता गिरणीत त्याचं दळण घेत नाहीत. कुणी बोलत नाही. त्याच्या पोरीला बघायला आलेले पाहुणे फाट्यावरूनच परत लावले.
"तोंड किडंल त्येचं. म्हादूचं दगुड उचलायला लावलं मला. माज्या हातानं."
मग माझ्या हातावर हात ठेवला. "तू शानी. तुज्या नकाशात वाट न्हाई. साळंच्या मास्तरनं बगून सांगितलं."
चहा गोड होता. सगळा प्याले. परतीच्या गाडीत बसले.

२ मार्च
बाबांना सगळं सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी म्हणाले, "लिहून दे." चार वेळा लिहिलं. मावशीला वाचता येत नाही, म्हणजे मास्तर वाचणार, सगळ्यांपुढं, त्यांच्या आवाजात. चारही पत्रं फाडली.
तोंडानंच सांगायला हवं. ते मला घरात कुणी शिकवलं नाही. आई म्हणते, शिकवायला लागत नाही.

९ मार्च, फाट्यावरची टपरी
चंदगड गाडीनं उतरले, साडेदहाला. आज बारा वाजता वसाहतीत बैठक आहे, दगडूला कायमचं बाहेर काढायची. घराचे पत्रे उचकटायला पोरं तयारच आहेत, असं टपरीवाला मला आपण होऊन सांगतोय. मावशीकडे जायला पाच मिनिटं लागतात. तासभर इथंच बसलेय.
आता दगडू आला. चाळिशीचा असेल, दाढी वाढलेली. बाकावर बसला नाही. टपरीवाल्यानं सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा दिला, त्याला डब्याच्या झाकणात, वरून ओतून. आज्ज्याला असा मिळायचा, बाबा सांगतात. दगडूनं तो उभ्यानं घेतला. मग माझ्याकडे बघत राहिला.
"ताई, तुमी नकाशावाल्या न्हवं? नाक्यावर हुता की तुमी त्या दिशी. कुणी सांगितलं त्ये तुमास्नी ठावं आसंल. सांगा की ह्यास्नी."
टपरीवाल्यानं किटली खाली ठेवली. "व्हय काय पावणं? ठावं हाय तुमास्नी?"
बाकावरचे दोघेही वळलेत. मी खाली मान घालून लिहिते आहे. टपरीवाला पुन्हा विचारतोय.