पाट्यांवरची कलती अक्षरं

प्रिय टिकले,

मंगळवारी तुझ्या मावशीबरोबर नवा चष्मा आणायला गेलो, तर समोरच्या इमारतीवर बुटांची भलीमोठी जाहिरात. चारच शब्द, पण कसले! जाडजूड, उजवीकडे झुकलेले, प्रत्येक अक्षराला विटेसारखे चौकोनी पाय. मी भर रस्त्यात थबकलो. मावशी ओरडली, "भाऊजी, बूट घ्यायचेत की गाडीखाली जायचंय?" तिला काय सांगणार? ती अक्षरं माझी होती. कापडाच्या दुकानावर, बेकरीवर, गॅरेजच्या दारावर तीस वर्षं रंगवलेली, उजवा खांदा जाईपर्यंत. सातच्या आकड्याची मान मी जरा जास्तच वाकवायचो, जाहिरातीतल्या किमतीतही ती अगदी तश्शीच.

चष्मा राहिला बाजूला, तडक छापखाना गाठला. छापखानेवाल्याने कॉम्प्युटरवर शोधून सांगितलं, "काका, हे कुणी रंगवलेलं नाही. फॉन्ट आहे हा. बोल्ड इटॅलिक, स्लॅब सेरिफ, म्हणजे जाड, कलता, चौकोनी पायांचा. मोठ्या मथळ्यांसाठी वापरतात." मग बनवणारीचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघतच राहिला. आडनाव एकच ना आपलं!

मी तिथल्याच स्टुलावर बसलो. नऊ वर्षं तू घरी आली नाहीस. फोन करतेस, औषधं घेतली का विचारतेस आणि ठेवून देतेस. आणि तिकडे बसून माझं एकेक वळण गिरवत होतीस! बेकरी तर केव्हाच पाडली गं, तिची पाटी तुला कुठे मिळाली? की डोक्यातच होती? इथे संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की मी अजून हातातला कप खाली ठेवतो. वरच्या मजल्यावरच्या बाई असतात.

त्या फॉन्टखाली तू एक ओळ लिहिली आहेस, ती त्याने वाचून दाखवली. ‘माझ्यामुळे थांबलेल्या हातासाठी.’ तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. म्हणून हे डाव्या हाताने, वाकडंतिकडं लिहितोय. पोरी, त्या दिवशी तू शिडी सोडून पाणी प्यायला गेलीस म्हणून मी पडलो नाही. शिडीची वरची कडी मीच अडकवली नव्हती. घाई केली, आळस केला. पडल्या पडल्या ती कडी मोकळी लोंबताना मी पाहिली. तू रडून रडून माफी मागत होतीस आणि मी गप्प राहिलो. दवाखान्यातही गप्प. पुढे तर आजवर का बोललो नाही, हे सांगायचीच लाज वाटत गेली. दुखणं माझं, चूकही माझीच, आणि ओझं मात्र तुझ्या गळ्यात घातलं. तुझा दोष तेव्हाही नव्हता, आजही नाही. आता माझा राग येईल तुला, यायलाच हवा. पण टिकले, रागवायला का होईना, घरी ये.

तुझाच,
बाबा