नाल्याला घातलेला धुरा

२० मे, मंगळवार
मोठ्या नाल्याची सफाई अखेर माझ्याकडे आली. योग्य माणूस ओळखायला नगर परिषदेला अकरा वर्षं लागली, पण ओळखला. लगेच लाखनीला बायकोला, रुपाला फोन केला. मागच्या जुलैत नाला उतू जाऊन घरात पाणी शिरलं, आमच्या लेकीची, खुशबूची पुस्तकं पलंगाखाली तरंगत होती. तेव्हापासून रुपा तिला घेऊन माहेरी. अट एकच: एक मोठा पाऊस घर कोरडं राहू द्या, मंग येतो.
संकल्प: रोज सकाळी सहाला नाल्यावर हजर.

२१ मे
सहाला जाग आली नाही. नऊला ऊन फार. पहिला दिवस नकाशाचा अभ्यास करणं जास्त शास्त्रीय. नकाशा सापडला नाही.

२७ मे
जेसीबी आला. नाल्यातून गाळ, राइस मिलचा कोंडा, प्लास्टिक आणि एक अख्खा टेबलफॅन निघाला. गाळ न्यायला ट्रॅक्टर मागितला, तर गाड्यांचं बघणारा प्रविण म्हणाला, ट्रॅक्टर टँकरले लागून राहिला, पुढच्या महिन्यात पाहू. गाळ काठावरच. अख्खा मोहल्ला नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघतो.

३० मे
सुचलं! गाळ न्यायचाच कशाला? मी धानवाल्याचा मुलगा. नाला काठावरून उतू जातो ना, मग काठच उंच करू. धानाच्या शेतात पाणी अडवायला बांधीला चारी बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध घालतो, तसा गाळाचा धुरा नाल्याच्या दोन्ही काठांना. कंबरेइतका. ट्रॅक्टरही नको आणि पूरही नाही. असलं डोकं ऑफिसात दुसऱ्या कुणाला नाही.

५ जून, सायं. ५
धुरा पूर्ण. स्वतः फावड्यानं थापून घेतला. बाबा असते तर पाठ थोपटली असती. पाणी झिरपायला बोटभर भोक नाही. मुख्याधिकारी साहेबांना फोटो पाठवला, अंगठा आला. रुपालाही पाठवला. तिनं विचारलं, धुरा तं चांगला आहे, पण गल्लीतलं पानी नाल्यात जाईन कुठून?
इंजिनिअरिंगच्या गोष्टी फोनवर समजावणं कठीण.

९ जून
शेजारचे बाबुलालभाऊ आले. ढिवर माणूस, सगळा जन्म तलावावर जाळं टाकण्यात गेला. त्यांचंही रुपासारखंच. म्हणाले, लिलाधर, धुऱ्याले चार जागी फोड रे बाबू, पानी तुह्या ऑर्डरनं नाही चालत. मी म्हटलं, २३ तारखेला साहेबांचं इन्स्पेक्शन आहे, तोवर एक ढेकूळ हलायचं नाही. ते मान हलवत गेले. म्हणजे पटलं असावं.

१५ जून
दोन सरी. गल्लीत घोटाभर पाणी साचलं. जिरेल. बाबुलालभाऊंची सून मंदाबाई दारातूनच ओरडली, साहेब, गल्लीत धानाची रोवणी कवा लावू? हसण्यावारी नेलं.
खरं लिहायचं तर हसू आलं नाही. घर फार मोठं वाटतं. खुशबूची एक चप्पल अजून दाराशी आहे, दुसरी पुरात गेली.
संकल्प: उद्या धुरा पुन्हा तपासणे.

१९ जून
रुपाचा फोन. शाळा सोमवारी उघडते, रविवारी येतो, राहाचं का नाही ते पाऊस पाहून ठरवतो. फोन ठेवला आणि घर झाडायला घेतलं.
पुरानंतर पलंग उंच करायला खाली घातलेल्या विटा लाथेनं सरकवून काढल्या. विटा दिसल्या तर माणसाचा स्वतःच्या कामावर विश्वास नाही असं दिसतं.

२२ जून, रविवार
आल्या! रुपानं धुरा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि घरात येऊन खुशबूचं दप्तर उंच खुंटीला टांगलं. शुभ लक्षण. अकरा महिन्यांनी घरात तीन ताटं.

२३ जून, सोमवार, दु. १२
पहाटेपासून मुसळधार. नाला बघून आलो. काय सुंदर वाहतो! अर्धासुद्धा भरला नाही. योजना शंभर टक्के यशस्वी. गल्लीत मात्र गुडघाभर पाणी. तो वेगळा विषय.

दु. १२.४०
घरात. पलंगाची गादी भिजली. खुशबू दप्तर डोक्यावर धरून स्वयंपाकाच्या ओट्यावर बसली आहे.

सायं. ४
बाबुलालभाऊ फावडं घेऊन आले होते. मी धुऱ्यावर हात पसरून उभा राहिलो. तीनला साहेब येणार, आता फोडू नका म्हणून हात जोडले. म्हातारा थांबला. मग रुपा पाण्यातून आली, पदर खोचलेला. त्यांच्या हातातून फावडं घेतलं. मला म्हणाली, बाजूले व्हा.
झालो.
चार जागी फोडला. दहा मिनिटांत गल्ली मोकळी. मंदाबाईच्या घरातलंही उतरलं. साहेब पावसामुळे आले नाहीत.

२४ जून
दोघी सकाळच्या एसटीनं लाखनीला गेल्या. खुशबूची शाळा तिकडेच बघणार. मी म्हटलं, अगं पाणी तर उतरलं. रुपा म्हणाली, पानी आलं म्हनून नाही चाललो. पोरगी घरात ओट्यावर बसून होती अन् तुमी धुऱ्याले राखून राहिले होते.
बस सुटेपर्यंत खिडकीशी उभा होतो.

दु. २
साहेबांनी आज पाहणी केली. ग्रुपवर लिहिलंय: धुऱ्यात योग्य अंतरावर चार वाटा ठेवण्याची कल्पना उत्तम, लिलाधर यांचं अभिनंदन. धन्यवाद सर, असं उत्तर दिलं.
पलंगाखाली पुन्हा विटा ठेवायच्या आहेत. पलंग एकट्यानं उचलवत नाही.