फुंकणी आणि दंडावरचा पट्टा

माय, तुझी पोरगी दवाखान्यातून दोनदा तशीच परत आली. डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. मशीनच्या सुईत दोरा ओवायचा तर सुनेला हाक मारावी लागते, आणि काळ्या कापडावर काळी टीप घालायची म्हटलं की सगळं अंदाजपंचे. अल्लीपूरच्या निम्म्या बायांचे ब्लाउज मी शिवले असतील. आता त्या कापड दाखवतात, माझ्या डोळ्यांकडे बघतात आणि पिशवीत परत घालतात. त्यांचं तरी काय चुकतं? डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया लहान आहे, पण रक्तदाब चढलेला असताना करता येत नाही. घरी तो ठीक असतो, गोळी मी चुकवत नाही. तिथे मात्र दंडाला पट्टा बांधला आणि तो फुगून आवळायला लागला की काळीज असं धडधडतं की बोलायची सोय नाही. मग पुढची तारीख. उद्या तिसऱ्यांदा जायचं आहे आणि या खेपेला मी डोळा करूनच येणार आहे.

दुसऱ्या वेळी तिथल्या सिस्टरने मला बाजूला बसवलं. देवळीकडची पोर, माझ्या सुनेहून लहान. म्हणाली, "काकू, तुम्ही पलंगावर झोपल्या हाय, पण तुमचं शरीर वाघ मांगं लागल्यावानी पयून राह्यलं. भेव वाटलं का ठोके वाढतात, नसा आवळतात, बीपी चढते. काळजाले थांब म्हणता येत नाई, पण श्वास आपल्या हातात आहे. श्वास सोडताना ठोके जरा हळू होतात, म्हून सोडणं लांबवा. मन इकडंतिकडं गेलं तर रागवू नोका, परत श्वासावर आणा. आन् गोळी बंद नोका करू." मी मान डोलावली. एवढंच ना, म्हटलं, करून टाकते.

मी पडले कामाची बाई. हातात घेतलं की फडशा पाडायचा, ही खोड तुझ्याकडूनच आली. घरी येऊन ओसरीत बसले आणि छाती फुगवून भराभर असे श्वास घेतले की डोळ्यांपुढे काजवे चमकले, ओठ बधिर झाले. सून पाणी घेऊन धावली. "आई, हे शांत बसणं आहे का कुस्ती?" मला तिचा असा राग आला! आणि त्या रागातच तुझा आवाज आठवला.

मी लहान आहे. तू शेतातून यायच्या आत चूल पेटवून ठेवायची म्हणून कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्यांपुढे उकिडवी बसले आहे. गाल फुगवून फुंकणीतून फू फू करते आहे, आणि राख उडून माझ्या डोळ्यांत, केसांत आणि भाकरीच्या पिठात. तू येतेस, डोक्यावरची वांग्यांची पाटी उतरवतेस. "काऊन वो, आग पेटवून राह्यली का राख उडवून राह्यली? हळू फुक. लांब फुक." मग मला ढकलून तूच बसतेस. तुझी फुंक संपतच नाही. निखारा हळूहळू लाल होतो, काडी धरते, जाळ लागतो. त्या दिवशी बांधावर काकूशी तुझं कडाक्याचं भांडण झालं होतं, पण जाळ लागेपर्यंत तुझा आवाज खाली आला होता. सिस्टर सांगते त्यातलं तुला काही कळत होतं असं मी म्हणत नाही, तुला भाकरी टाकायची घाई होती. आणि त्याच चुलीचा धूर पुढे तुझ्या छातीत बसला, हेही मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मी तुझी फुंकणी मनात धरून बसते. नाकाने श्वास येईल तेवढा येऊ द्यायचा, आणि ओठांनी सावकाश सोडायचा, राख न उडता निखारा लाल होईल इतकाच. मन कोणाच्या बाहीच्या मापाकडे पळालं की गुपचूप परत आणायचं. जरा वेळाने खांदे उतरतात, आवळलेले दात सुटतात. मग मी गावात घरोघरी औषधं द्यायला येणाऱ्या आशाताईंकडून रक्तदाबाचं मशीन मागून आणलं आणि मुद्दाम रोज पट्टा बांधून घ्यायला लागले. पहिल्यांदा घरातसुद्धा धडधड झाली. सून म्हणाली, सोडा आता. मी म्हटलं, पुन्हा बांध. आता पट्टा आवळतो, काळीज उसळतं, पण खालीही येतं.

पट्टाच का, ते मी सिस्टरला सांगितलं नाही. तुझ्या दंडावर होता तो. तो फुगायचा, सुटायचा, आणि तू एकेका श्वासासाठी झगडत होतीस. त्या सकाळी दवाखान्यात जायला निघताना तू चुलीतल्या विस्तवावर राख ओढलीस, शेतात जाताना ओढायचीस तशीच, आणि मला म्हणालीस, "इस्तो इझू नोको देजो. मी संध्याकाळी येतो." संध्याकाळी तुला आणलं. घरात मयत असताना चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारून पिठलं-भाकर आली होती. बाया अंगणात तुझ्याजवळ बसल्या होत्या. मी पाण्याचं निमित्त करून आत गेले आणि राख बाजूला केली. विस्तव जिवंत होता. मला जाळ करायचा नव्हता, पण तू सांगून गेली होतीस. मी फुंकणी घेतली आणि हळू, लांब फुंकलं. राखेचा कणही उडाला नाही. परत राख ओढून तुझ्याजवळ येऊन बसले, तेव्हा माझी धडधड उतरली होती. हे आजवर मी कोणाला सांगितलं नाही. उद्या तीच फुंक लागणार आहे.

मोतीबिंदूची भीती मला कधीच नव्हती, माय. संध्याकाळी येते म्हणून जायचं आणि तुझ्यासारखं परत यायचं, त्याची आहे. ती अजून गेलेली नाही, तरी सुनेला सांगून ठेवलं आहे की संध्याकाळी येते.

हे पत्र मशीनच्या खणात रिळांखाली ठेवते. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, मला नीट दिसत नाही. सुनेला वाचायला देणार नाही. डोळा करून आले की माझं मीच वाचीन.